हेन्री ड्रायफस

हेन्री ड्रायफस (जन्म : ब्रुकलिन, न्यू यॉर्क, २ मार्च १९०४; मृत्यू : साउथ पॅसाडेना, कॅलिफोर्निया, ५ ऑक्टोबर १९७२) हे अमेरिकेतील एक अग्रगण्य औद्योगिक डिझायनर होते. टेलिफोन, ट्रॅक्टर, व्हॅक्यूम क्लीनर, आगगाडी, कॅमेरा, घरातील तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट अशा नाना प्रकारच्या वस्तूंना त्यांनी रूप दिले. वस्तूचा आकार ठरवण्यापूर्वी ती वापरणाऱ्या माणसाचे शरीर, त्याच्या सवयी आणि त्याचे संकोच यांचा अभ्यास झाला पाहिजे, हा विचार त्यांनी चाळीस वर्षे व्यवहारात आणला. अर्गोनॉमिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या शास्त्राला औद्योगिक रचनेत स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. 'डिझायनिंग फॉर पीपल' (१९५५) आणि 'द मेझर ऑफ मॅन' (१९६०) हे त्यांचे ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकांना आजही परिचित आहेत.

बालपण आणि शिक्षण

ड्रायफस यांच्या घराण्याचा व्यवसाय नाटकमंडळ्यांना लागणारे सामान पुरवण्याचा होता. त्यामुळे रंगमंच, पडदे आणि वेशभूषा यांची ओळख त्यांना लहानपणीच झाली. न्यू यॉर्कमधील एथिकल कल्चर स्कूल या संस्थेत त्यांनी कलेचे शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये ते तेथून उत्तीर्ण झाले. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. यंत्रांची माहिती त्यांनी पुढे अभियंत्यांच्या सहवासात आणि कारखान्यांत वावरून मिळवली.

रंगभूमीवरील उमेदवारी

प्रसिद्ध नेपथ्यकार नॉर्मन बेल गेडिस यांच्या हाताखाली ड्रायफस यांनी उमेदवारी केली. ब्रॉडवेवरील स्ट्रँड थिएटरसाठी ते तरुणपणीच नेपथ्य करू लागले. तेथील कार्यक्रम दर आठवड्याला बदलत असे आणि त्याबरोबर देखावाही नवा लागे. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाकडे लक्ष ठेवून काम करण्याची सवय त्यांना येथे लागली.

याच काळातील एका प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या चरित्रात नेहमी केला जातो. आरकेओ या कंपनीचे आयोवा राज्यातील सू सिटी येथे एक नवे चित्रपटगृह होते. इमारत देखणी होती, आतील सजावट श्रीमंती थाटाची होती. परंतु प्रेक्षक फिरकत नव्हते. ड्रायफस यांना तेथे पाठवण्यात आले. तिकिटाचे दर उतरवून पाहिले, एकाच तिकिटात अधिक चित्रपट दाखवून पाहिले, तरी फरक पडला नाही. शेवटी ड्रायफस प्रवेशद्वारापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे ऐकू लागले. तेव्हा खरे कारण उघड झाले. गावात शेतकरी आणि कामगार यांची वस्ती मोठी होती. दारातल्या उंची लाल गालिच्यावर चिखलाचे बूट घेऊन पाऊल टाकायला ही माणसे संकोचत होती. ड्रायफस यांनी तो गालिचा काढून साधी रबरी चटई अंथरायला लावली आणि चित्रपटगृहात गर्दी होऊ लागली. या अनुभवाचा त्यांच्या पुढील कामावर खोल परिणाम झाला.

स्वतंत्र व्यवसाय

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ड्रायफस यांना एक प्रस्ताव दिला. दुकानात विक्रीला असलेल्या वस्तू पाहून त्यांतील कुरूप किंवा गैरसोयीच्या वस्तूंना नवे रूप सुचवायचे, असे ते काम होते. ड्रायफस यांनी वस्तू पाहिल्या आणि काम नाकारले. तयार वस्तूवर बाहेरून सजावट करण्यात अर्थ नाही. ती कशी बनते, कोणत्या यंत्रावर बनते आणि किती खर्चात बनते हे उत्पादकाबरोबर बसून ठरवल्याशिवाय तिच्यात सुधारणा होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी त्यांना पैशांची गरज होती, ही गोष्ट लक्षात घेता हा नकार महत्त्वाचा ठरतो.

१९२९ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क येथे स्वतःचे कार्यालय उघडले. डोरिस मार्क्स या त्यांच्या व्यवसायातील भागीदार होत्या. १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. कार्यालयाचा व्यवहार, करारमदार आणि हिशेब यांची मोठी जबाबदारी डोरिस यांनी सांभाळली. एका वेळी मोजक्याच कंपन्यांचे काम घ्यायचे आणि त्या कंपन्यांशी दीर्घकाळ संबंध ठेवायचा, असे कार्यालयाचे धोरण होते. पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथेही त्यांनी कार्यालय थाटले.

टेलिफोन

बेल कंपनीशी ड्रायफस यांचा संबंध एका नकारानेच सुरू झाला. भविष्यातील टेलिफोन कसा दिसावा याची चित्रे काढण्यासाठी दहा कलावंतांना प्रत्येकी १,००० डॉलर देण्याची कंपनीची योजना होती. ड्रायफस यांनी हे निमंत्रण स्वीकारले नाही. टेलिफोनच्या आत काय आहे हे जाणून घेऊन, अभियंत्यांच्या बरोबरीने, आतून बाहेर असे काम व्हावे असा त्यांचा आग्रह होता. या पद्धतीने कलावंताच्या प्रतिभेला मर्यादा पडतील असे कंपनीला वाटले. मात्र इतर कलावंतांची चित्रे व्यवहारात उतरण्यासारखी नसल्याचे आढळल्यावर कंपनीने ड्रायफस यांना पुन्हा बोलावले आणि त्यांची अट मान्य केली. हा संबंध त्यांच्या अखेरीपर्यंत टिकला.

१९३७ मध्ये ३०२ क्रमांकाचा टेलिफोन वापरात आला. घंटीसह सर्व भाग एकाच पेटीत सामावलेला, काळ्या रंगाचा हा टेलिफोन अमेरिकेत सर्वत्र दिसू लागला. त्यानंतर १९४९ मध्ये ५०० क्रमांकाचा टेलिफोन आला. तो ड्रायफस यांच्या कार्यालयाचे सर्वांत परिचित काम मानला जातो. त्यांचे सहकारी रॉबर्ट होज यांचा या कामात मोठा वाटा होता. टेलिफोन ही त्या काळी ग्राहकाने विकत घेण्याची वस्तू नव्हती. यंत्र कंपनीच्या मालकीचे असे आणि ग्राहक त्याचे भाडे भरत असे. त्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकावे आणि कोणालाही शिकवल्यावाचून वापरता यावे, या दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची मूठ साधारण त्रिकोणी छेदाची होती. तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला तर घसरत असे. हात मोकळे ठेवून बोलण्याची लोकांची सवय पाहून नव्या रिसीव्हरची मूठ चपटी आणि चौकोनी छेदाची करण्यात आली. घंटीचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी यंत्राच्या तळाशी एक चाक बसवण्यात आले.

आकड्यांच्या चकतीची कथा अधिक बोधप्रद आहे. जुन्या टेलिफोनमध्ये आकडे आणि अक्षरे चकतीच्या छिद्रांच्या आत असत. बोट घातले की ती झाकली जात. म्हणून नव्या टेलिफोनमध्ये ती छिद्रांच्या बाहेर, मोठ्या ठशात छापण्यात आली. वाचायला ती सोपी झाली. पण चाचणीत असे आढळले की लोकांना क्रमांक फिरवायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागत आहे. छिद्राच्या आत आता काहीच नसल्याने बोट कोठे न्यायचे यासाठी डोळ्याला खूण उरली नव्हती. मग प्रत्येक छिद्राच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका देण्यात आला आणि अडचण दूर झाली. तर्काने योग्य वाटणारी सुधारणासुद्धा माणसांच्या हाती देऊन तपासल्याशिवाय योग्य ठरत नाही, याचे उदाहरण म्हणून हा ठिपका डिझाइनच्या अभ्यासक्रमांत सांगितला जातो.

पुढे झोपण्याच्या खोलीसाठी लहान आकाराचा, उजळणाऱ्या चकतीचा प्रिन्सेस टेलिफोन (१९५९) आणि चकती रिसीव्हरमध्येच बसवलेला ट्रिमलाइन टेलिफोन (१९६५) ही यंत्रेही याच कार्यालयातून साकारली.

आगगाड्या आणि जहाजे

न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेसाठी ड्रायफस यांनी प्रथम मर्क्युरी (१९३६) आणि नंतर न्यू यॉर्क ते शिकागो धावणारी ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड (१९३८) या गाड्यांची रचना केली. इंजिनाच्या बाह्य आकारापासून डब्यांतील दिवे, आसने आणि भोजनाची भांडी येथपर्यंत सर्व गोष्टींचा त्यांनी एकत्र विचार केला होता. रात्रीचे जेवण आटोपल्यावर भोजनाच्या डब्यातील मेजांवरचे कापड आणि दिव्यांचा रंग बदलून त्याच जागेचे करमणुकीच्या दालनात रूपांतर केले जाई. रंगभूमीवरील अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला.

इंडिपेंडन्स आणि कॉन्स्टिट्यूशन या दोन प्रवासी जहाजांच्या (१९५१) अंतर्भागाचे काम करताना त्यांनी खोल्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती न्यू यॉर्कमध्ये उभारल्या. प्रवासाला निघाल्याप्रमाणे भरलेल्या पेट्या घेऊन माणसांना त्यांत राहायला सांगण्यात आले. कपडे कोठे टांगायचे, पेटी कोठे ठेवायची, दोघांना एकाच वेळी वावरता येते की नाही, या गोष्टी जहाज बांधून होण्यापूर्वीच अशा रीतीने तपासल्या गेल्या.

ट्रॅक्टर

१९३७ मध्ये जॉन डिअर या शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा एक अभियंता पूर्वसूचना न देता ड्रायफस यांच्या कार्यालयात आला. ड्रायफस त्याच्याबरोबर आयोवातील कारखाना पाहायला गेले. या कामातून 'ए' आणि 'बी' या ट्रॅक्टरांची नवी रूपे तयार झाली. इंजिनावरचे झाकण अरुंद केल्याने चालकाला पुढची सरी नीट दिसू लागली.

१९६० मध्ये कंपनीने डॅलस येथे ट्रॅक्टरांची एक संपूर्ण नवी मालिका सादर केली. या मालिकेतील बैठकीचे काम विशेष उल्लेखनीय आहे. जुन्या ट्रॅक्टरची बैठक म्हणजे लोखंडी थाळीसारखा पत्रा असे. दिवसभर धक्के खाल्ल्यामुळे शेतकऱ्यांना पाठदुखीचा विकार जडत असे. नव्या बैठकीसाठी पाठीच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचा सल्ला घेण्यात आला. पुढे याच ट्रॅव्हेल राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या. बैठक चालकाच्या उंचीनुसार आणि वजनानुसार जुळवता येऊ लागली आणि पाठीला आधार मिळाला. शेतकऱ्याच्या यंत्रासाठी वैद्यकीय तज्ज्ञाला विचारणे ही त्या काळात नवी गोष्ट होती.

घरगुती वस्तू

हूवर कंपनीचा १५० क्रमांकाचा व्हॅक्यूम क्लीनर (१९३६) आणि पोलरॉइड कंपनीचे कॅमेरे ही ड्रायफस यांची आणखी काही प्रसिद्ध कामे होत. हनीवेल कंपनीसाठी केलेला गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये बाजारात आला. आधीचे थर्मोस्टॅट चौकोनी असत आणि भिंतीवर थोडे जरी तिरपे बसले तरी डोळ्याला खुपत. गोल वस्तू तिरपी दिसत नाही. बाहेरचे कडे फिरवले की हवे ते तापमान ठरवता येई. त्यासाठी कोणत्याही सूचना वाचाव्या लागत नसत. वरचे आवरण काढून भिंतीच्या रंगात रंगवण्याची सोयही त्यात होती.

कार्यपद्धती

काम सुरू करण्यापूर्वी संबंधित यंत्र स्वतः चालवून पाहण्याचा ड्रायफस यांचा नियम होता. ते आणि त्यांचे सहकारी ट्रॅक्टर चालवत, कपडे धूत, स्वयंपाक करत, गालिचे झाडत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसत. माणूस आणि वस्तू यांचा जेथे संपर्क येतो तेथे त्रास निर्माण झाला तर दोष रचनाकाराचा असतो आणि माणूस अधिक सुरक्षित, सुखी व कार्यक्षम झाला तर रचना यशस्वी असते, असे त्यांचे थोडक्यात मत होते. उपयुक्तता व सुरक्षितता, देखभाल, खर्च, ग्राहकाला वाटणारे आकर्षण आणि रूप या पाच कसोट्यांवर ते वस्तू पारखत.

नव्या वस्तूत जुन्या, ओळखीच्या रूपाचा एखादा अंश मुद्दाम राखून ठेवावा, असेही ते सांगत. लोकांना संपूर्ण अनोळखी वस्तूची भीती वाटते आणि परिचयाची एखादी खूण दिसली की ते ती सहज स्वीकारतात, असा त्यांचा अनुभव होता. ग्राहकाशी बोलताना समोरच्याला सुलट दिसेल असे उलटे चित्र ते भराभर काढत. ते नेहमी तपकिरी रंगाचा सूट घालत आणि हीच त्यांची ओळख बनली.

ज्यो आणि जोसेफीन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ड्रायफस यांच्या कार्यालयाने लष्करासाठीही काम केले. माणसांच्या शरीराची मापे मोठ्या प्रमाणावर घेण्याचे काम सैन्यदलांत झाले होते. ड्रायफस यांचे सहकारी ॲल्विन टिली यांनी ही आणि इतर ठिकाणी विखुरलेली मापे एकत्र करून आकृत्या तयार केल्या. आकृतीतील पुरुषाला ज्यो आणि स्त्रीला जोसेफीन अशी नावे देण्यात आली. हात किती लांब पोहोचतो, बसल्यावर गुडघा किती उंचीवर येतो, मान किती वळते, पायाने किती जोर देता येतो, अशी माहिती या आकृत्यांत होती. 'डिझायनिंग फॉर पीपल' या पुस्तकात त्या प्रथम वाचकांपुढे आल्या. 'द मेझर ऑफ मॅन' मध्ये त्यांचा विस्तार झाला आणि रचनाकारांना भिंतीवर लावता येतील असे पूर्णाकृती तक्तेही त्यासोबत देण्यात आले.

मर्यादा आणि टीका

या आकृत्यांचा उपयोग जगभर झाला, तसेच त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. पहिला आक्षेप सरासरीच्या कल्पनेवर आहे. अमेरिकी हवाईदलात ४,०६३ वैमानिकांची मापे घेण्यात आली होती. १९५२ मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा प्रमुख मापांत सरासरीच्या जवळपास असणारा एकही वैमानिक त्यांना आढळला नाही. ड्रायफस यांना या अडचणीची जाणीव होती. म्हणून त्यांच्या तक्त्यांत सरासरीबरोबर लहान आणि मोठ्या चणीच्या माणसांची मापेही दिलेली होती. तरीही अनेक वापरकर्त्यांनी मधलाच आकडा उचलला.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मापांचा मोठा भाग तरुण, धडधाकट अमेरिकी सैनिकांवरून आला होता. वृद्ध, अपंग आणि इतर देशांतील माणसे त्यांत पुरेशी नव्हती. जोसेफीनला इस्त्री करताना दाखवण्यात तत्कालीन समाजाने स्त्रीला दिलेले स्थान दिसते. एका समाजाची मापे दुसऱ्या समाजावर लादली की वस्तू गैरसोयीची होते. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची परदेशी तक्त्यावरून ठरवली तर भारतीय स्त्रीला दिवसभर खांदे उचलून काम करावे लागेल. भारतीयांच्या शरीरमापांचा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून. ड्रायफस यांच्या मूळ ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९९३ मध्ये निघाली तेव्हा तिच्या नावात स्त्रीचाही समावेश करण्यात आला आणि अपंग व वृद्ध यांची माहिती वाढवण्यात आली. आधी माणसाला मोजावे आणि मग वस्तू घडवावी हे ड्रायफस यांचे सूत्र टीकाकारांनीही नाकारले नाही. कोणाला मोजले गेले, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

चिन्हांचा कोश

आयुष्याच्या अखेरच्या काळात ड्रायफस पती-पत्नींनी जगभरातील चित्रचिन्हांचा संग्रह केला. वाहतूक, वैद्यक, शेती, यंत्रे अशा क्षेत्रांतील चिन्हे त्यांनी गोळा केली. भाषा न येणाऱ्या माणसालाही यंत्र चालवता यावे आणि धोका ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. यातून 'सिम्बल सोर्सबुक' (१९७२) हा कोश तयार झाला. चिन्हाचा अर्थ ठाऊक नसला तरी त्याच्या आकारावरून ते शोधता यावे, अशी सोय कोशात केलेली आहे. बकमिन्स्टर फुलर यांनी या कोशाला प्रास्ताविक लिहिले.

मृत्यू

डोरिस यांना असाध्य आजार झाला होता. ५ ऑक्टोबर १९७२ रोजी साउथ पॅसाडेना येथील राहत्या घरी ड्रायफस आणि डोरिस या दोघांनी एकत्रच आपले जीवन संपवले. त्यांच्या पश्चात तीन अपत्ये होती. कार्यालयाचे काम हेन्री ड्रायफस असोसिएट्स या नावाने सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले.

सन्मान आणि वारसा

रेमंड लोवी आणि वॉल्टर डॉर्विन टीग यांच्यासह ड्रायफस यांनी १९४४ मध्ये औद्योगिक डिझायनरांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९६५ मध्ये इंडस्ट्रियल डिझायनर्स सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था अस्तित्वात आली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. न्यू यॉर्कमधील कूपर-ह्यूइट संग्रहालयाने १९९७ मध्ये त्यांच्या कार्यावर प्रदर्शन भरवले. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०११ मध्ये औद्योगिक रचनेच्या प्रवर्तकांवर तिकिटांची मालिका काढली. तीत ड्रायफस यांच्या नावाच्या तिकिटावर ३०२ क्रमांकाचा टेलिफोन आहे.

चकतीचे टेलिफोन आता वापरातून गेले आहेत. मात्र नवे यंत्र किंवा संगणकप्रणाली बाजारात आणण्यापूर्वी ती सामान्य माणसांच्या हाती देऊन त्यांचे निरीक्षण करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. ही पद्धत रूढ करणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये ड्रायफस यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

ग्रंथसंपदा

डिझायनिंग फॉर पीपल (१९५५)
द मेझर ऑफ मॅन (१९६०)
सिम्बल सोर्सबुक (१९७२)